मामांची फळी आणि टेबलाचा ठावठिकाणा

यंत्रांच्या बाबतीत आमच्या गल्लीत माझ्याएवढा जाणकार दुसरा नाही, असा गेल्या उन्हाळ्यापर्यंत माझा समज होता. मी वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. स्टोअरकीपर म्हणजे ज्याला प्रत्येक सुट्या भागाचं नाव पाठ असतं, तो कुठल्या रॅकवर कुठल्या खोक्यात आहे हे झोपेतही सांगता येतं, आणि तो भाग करतो काय, असं विचारलं की ज्याला नेमकं त्याच वेळी आत काहीतरी काम निघतं. सर्वो मोटर, ड्राइव्ह, एन्कोडर ही नावं मी वर्षानुवर्षं भक्तिभावानं घेत आलो. एन्कोडर खातात की डोक्याला लावतात हे मला ठाऊक नाही, अशी शंका कुणाला कधी आली नाही आणि मीही ती येऊ दिली नाही. बजाजनगरात लोक मला 'औताडे साहेब' म्हणतात ते याच भांडवलावर.

यंदा आम्ही घरावर मजला चढवला. मजल्याबरोबर पुढचं दारही नवं करायचं आणि चौकटीवर गणेशपट्टी हवीच, असं माझ्या बायकोनं, म्हणजे शालूनं ठरवलं. दाराच्या वर आडवी फळी, तिच्यावर मधोमध कोरलेला गणपती आणि दोन्ही बाजूंना वेल. दसऱ्याला चौकट बसवायची हेही तिनंच ठरवलं. मी खुलताबादला सखाराम मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि "दिवाळीनंतर बघू" म्हणाले. कोणत्या दिवाळीनंतर ते काही बोलले नाहीत. घाट उतरताना माझा स्वाभिमान दुखायला लागला. ज्याच्या हाताखालून एवढी यंत्रसामग्री गेली त्यानं एका गणपतीसाठी कुणाच्या दाढीला हात लावायचा? घरी येऊन मी जाहीर केलं की गणपती मीच कोरणार, आणि तोही यंत्रावर. शालू "करा" म्हणाली. तिच्या "करा"चा सूर मी इतक्या वर्षांत ओळखायला हवा होता, पण त्या दिवशी मी ती परवानगी समजलो.

फळीचा प्रश्न सासऱ्यांनी सोडवला. माझे सासरे कडूबा, ज्यांना मी मामा म्हणतो, गंगापूरकडे शेती करतात. त्यांच्या बांधावरचा म्हातारा साग एका वादळात आडवा झाला. त्याचं बाकीचं लाकूड मुलांच्या घरांच्या चौकटींना गेलं. सगळ्यात रुंद, एकही गाठ नसलेली एक फळी तेवढी मामांनी गोठ्यात आढ्याखाली जपून ठेवली होती. ती घेऊन ते एके दिवशी जीपमधून आले. जीपवाला फळी टपावर टाका म्हणत होता. मामांनी ऐकलं नाही. फळी आत घेतली आणि गंगापूरपासून वाळूजपर्यंत सगळ्या प्रवाशांनी पाय वर घेऊन प्रवास केला. पोर्चमध्ये फळी उतरवून, टॉवेलनं पुसून ते एवढंच म्हणाले, "लेकीसाठी आणली. अशी दुसरी नाय."

शालू लगेच म्हणाली, की गणेशपट्टीला अशी फळी शोधून सापडली नसती. मामा "व्हय का" म्हणाले आणि चहा घ्यायला त्या फळीवरच टेकले. मी त्यांना अदबीनं उठवलं. म्हटलं, मामा, फळी वाकेल, आत सोफ्यावर बसा. आमच्या सोफ्याचं आणि मामांचं जमत नाही. ते त्यात रुतत जातात आणि बाहेर काढायला दोन माणसं लागतात. ते पायरीवर जाऊन बसले आणि मी फळीवर जुनी सतरंजी घातली.

यंत्र उभं राहिलं ते शेजारच्या विश्वजीतमुळे. हा एका कंपनीत मेंटेनन्सला आहे आणि सुट्टीच्या दिवशी त्याचे हात शिवशिवतात. बंद पडलेल्या एका वर्कशॉपच्या भंगारातून त्यानं सर्वो मोटरी मिळवल्या, त्यांना वीज पुरवणाऱ्या पेट्या मिळवल्या, ज्यांना ड्राइव्ह म्हणतात, आणि एक लोखंडी सांगाडा वेल्डिंग करून आणला. मी त्याला एकेका वस्तूचं नाव सांगायचो आणि तो ती जोडायचा. अशी आमची भागीदारी होती. स्कूटर पोर्चमधून बाहेर गेली आणि तिच्या जागी यंत्र आलं. वर गरगर फिरणारं पातं, खाली पुढंमागं सरकणारं टेबल, बाजूला स्टुलावर कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरवर टेबल कुठं आहे ते मिलिमीटरच्या तीन दशांश स्थळांपर्यंत दिसायचं. मला सगळ्यात जास्त कौतुक या आकड्याचं होतं. माझी स्वतःची चप्पल कुठं आहे हे मला घरात विचारावं लागतं आणि इथं टेबल आपण होऊन तीन दशांशांपर्यंत सांगतंय. येणाऱ्याजाणाऱ्याला मी तो आकडा दाखवत असे.

पहिली चाचणी साध्या प्लायवूडवर केली. गल्ली जमली. यंत्र सुरू झालं, एक कान छान उतरला, आणि तेवढ्यात बाहेर लावलेली स्कूटर कुणीतरी जरा आत सरकवल्यामुळे टेबल जाऊन तिच्या हँडलला भिडलं. मोटरनं गुरगुरून पाहिलं, पेटीवर लाल दिवा लागला आणि मोटर गप्प बसली. हे मला नंतर कळलं. कारण त्या वेळी मी आणि सगळी गल्ली कॉम्प्युटरकडे बघत होतो, आणि कॉम्प्युटरवर गणपती उत्तम चालला होता. दुसरा कान झाला, सोंड झाली, मोदक झाला, शेवटी उंदीरही झाला. आकडे तीन दशांशांपर्यंत पळत होते. काम पूर्ण झाल्याची पाटी आली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग समोरच्या सुलेखावहिनींनी प्लायवूडमध्ये डोकावून विचारलं, की गणपती एका कानाचाच करायचा होता का.

मी विश्वजीतला बोलावलं. त्यानं तपासलं आणि मान डोलावली, जशी डॉक्टर डोलावतात.

"औताडेभाऊ, कॉम्प्युटर दोनच गोष्टी बोलतो. एक पाऊल टाक, आणि कोणत्या दिशेला टाक. ते बोलतो पेटीशी. पेटी मोटर फिरवते. मोटरच्या पाठीवर एन्कोडर आहे, तो पेटीला सांगतो की मी इतका फिरलो. कमी पडला तर पेटी जोर लावते. फारच कमी पडला तर पेटी हात टेकते आणि लाल दिवा लावते."

"बरोबर," मी म्हणालो. "आणि मग कॉम्प्युटरला कोण सांगतं?"

"कुणीच नाही."

"मग तो आकडा?"

"तो त्यानं सांगितलेला आकडा. झालेला नव्हे."

मला हे समजलं. जेवायला बसेपर्यंत समजलेलं होतं. मग वरण वाढता वाढता मी ते शालूला समजावायला गेलो आणि मध्येच माझ्या हातून निसटलं. एन्कोडरला माहीत आहे, पेटीला माहीत आहे, मग ज्याला सगळ्यात जास्त माहीत हवं त्यालाच कसं माहीत नाही? शालूनं शांतपणे विचारलं, "म्हणजे तुम्हाला दूध आणायला पाठवायचं आणि आलं असं धरून गॅसवर चहा ठेवायचा, असंच ना?" मी म्हटलं, तसं नाही, हे जरा तांत्रिक आहे. पण मनात म्हटलं, तसंच आहे.

विश्वजीतनं उपाय केला. लाल दिव्याची एक वायर थेट कॉम्प्युटरला जोडली. आता पेटीनं हात टेकले की कॉम्प्युटरही थांबणार. त्याप्रमाणे तो थांबू लागला. पण मग तो कशालाही थांबू लागला. शालूनं मिक्सरवर चटणी फिरवली की गणपती थांबे. सुलेखावहिनींनी पाण्याची मोटर लावली की थांबे. विश्वजीत म्हणाला, विजेत गडबड होते, त्या वायरीत खोटा इशारा शिरतो, अर्थिंग चांगलं नाही. तोवर मी पोर्चमधूनच ओरडून मिक्सरची परवानगी द्यायला लागलो. शालूनं दोन दिवस ते चालवून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी पाटा-वरवंटा काढून पोर्चमध्येच, यंत्राच्या शेजारी, माझ्याकडे पाठ करून चटणी वाटायला बसली.

अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणायचा, त्यात कोळसा आणि मीठ भरायचं आणि अधूनमधून पाणी ओतायचं. खड्डा कमरेएवढा झाला तेव्हा गल्लीत बोअर पाडतायत अशी बातमी पसरली. छातीएवढा झाला तेव्हा गुप्तधनाची. मीठ आणि कोळसा आणलेला पाहून दुसऱ्या बातमीला जोर चढला. वसाहत समितीचे अध्यक्ष सांडूअण्णा पाहणीला आले. खड्ड्यात वाकून पाहत त्यांनी विचारलं, "परवानगी कुठंय?" मी म्हटलं, अण्णा, लगेच बुजवणार आहे. ते म्हणाले, "बुजवायचं अलग है औताडे साहेब, बुजवायला पण परवानगी लागते. आणि खणायची परवानगी दाखवल्याशिवाय बुजवायची मिळत नाही." अशा रीतीनं तो खड्डा समितीच्या बैठकीपर्यंत तसाच उघडा राहिला आणि त्यात आधी सुलेखावहिनींचं मांजर, मग मी, असे दोघं पडलो. मांजर आपलं आपण वर आलं.

परवानगी मिळाली, खड्डा बुजला, मिक्सर घरात पुन्हा फिरू लागला. पण आमच्याकडे नळाला पाणी येतं तो दिवस सणासारखा असतो, आणि त्या दिवशी मी भरलेली बादली उचलून जमिनीत ओततो हे दृश्य गल्लीला सहन होईना. येताजाता बायका एकमेकींना ऐकू जाईल अशा बेतानं बोलत. मामा त्या सुमारास पुन्हा आले होते. त्यांनीही मला पाणी ओतताना पाहिलं आणि भिंतीशी सतरंजी घातलेल्या फळीवर जाऊन बसले. मी बादली ठेवली, हात पुसले आणि त्यांना उठवलं. "मामा, एवढीच फळी आहे. काही झालं तर तुम्हीच म्हणाल." "व्हय, व्हय," ते म्हणाले आणि रिकामी झालेली बादली पालथी घालून तिच्यावर बसले.

आता यंत्र थांबत नव्हतं. लाल दिवाही लागत नव्हता. आम्ही प्लायवूडवर अख्खा गणपती कोरला. कॉम्प्युटर म्हणाला झालं, पेटी म्हणाली माझी काही तक्रार नाही, मोटरचा एन्कोडर म्हणाला मी सांगितल्याइतकाच फिरलो. सगळे समाधानी होते, आणि गणपतीची सोंड डावीकडे निघून मधेच दचकल्यासारखी उजवीकडे गेली होती. विश्वजीतला त्यामागचं कारण सापडलं. मोटर आणि टेबल यांच्यामध्ये पट्टा आहे, पट्ट्याच्या चाकाचा स्क्रू ढिला. मोटर बरोबर फिरली, टेबल मागं राहिलं. एन्कोडर मोटरच्या पाठीवर, तो मोटरपुरतंच बोलणार.

पण शालूपुढं वेगळाच प्रश्न होता. उजव्या सोंडेचा गणपती कडक. त्याचं सोवळं पाळावं लागतं. हा डाव्यानं सुरू होऊन उजव्यानं संपणारा, याला कोणते नियम? या विषयावर पोर्चमध्ये बरीच चर्चा झाली. सुलेखावहिनींचं मत, टोक धरायचं. दुसरं मत, उगम धरायचा. सांडूअण्णा म्हणाले, हे समितीच्या अखत्यारीत येत नाही. शेवटी शालूनं तो गणपती कपड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला, कारण फेकताही येत नव्हता.

मी मात्र आता हट्टाला पेटलो. दसरा जवळ येत होता, चौकट तयार होऊन आली होती, आणि मामांच्या फळीवर अशी सोंड निघाली असती तर गंगापूरला तोंड दाखवायची सोय नव्हती. मला टेबल खरोखर कुठं आहे हे टेबलाकडूनच ऐकायचं होतं. विश्वजीत म्हणाला, त्यासाठी काचेची पट्टी असते. तिच्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेघा असतात, टेबलाला चिकटवायची, समोरचा डोळा त्या रेघा मोजतो. नाव काढताच मी तिचा रॅक नंबर सांगितला, पण ती कंपनीची. मग भंगार बाजारातून एक आणली. तिचं वरचं झाकण हरवलेलं होतं, पण काच लख्ख होती. इतकी सुंदर वस्तू त्या यंत्रावर दुसरी नव्हती.

काचेचं म्हणणं कॉम्प्युटरला द्यायचं कसं, यावर मात्र दोन पक्ष पडले. विश्वजीत म्हणे, कॉम्प्युटरनं काच फक्त बघायची, फरक पडला की थांबायचं, बाकी काही करायचं नाही. सुलेखावहिनींचा मुलगा सत्यम पुण्याच्या कंपनीचं काम घरातून करतो. तो म्हणे, नुसतं बघायचं काय, काच सांगेल तसं टेबल आपणच दुरुस्त करत न्यायचं, त्यालाच खरा फीडबॅक म्हणतात. विश्वजीत म्हणे, मोटरची दुरुस्ती पेटी आधीच करतेय, वरून कॉम्प्युटर करायला लागला तर भांडण होईल. मी दोघांनाही "अगदी बरोबर" म्हणत होतो, कारण दोघंही बोलत तेव्हा मला बरोबरच वाटत. सत्यमचं करून पाहिलं. टेबल एका जागी उभं राहून हिवताप आल्यासारखं थरथरायला लागलं. शालू म्हणाली, एका वरणात दोन जावांनी मीठ घातलं की असंच होतं. मग विश्वजीतचं ठेवलं. सत्यम रुसला, पण त्याची व्यवस्था कॉम्प्युटरमध्ये एका बटणामागं तशीच राहिली.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मामा आणि मामी आले. खंडेनवमीला आमच्याकडे हत्याराअवजारांची पूजा असते. त्या दिवशी वाळूजला अशी एक वस्तू राहत नाही जिच्यावर झेंडू नाही. शालूनं बेत आखला होता. सकाळी यंत्राची पूजा, लगेच फळीवर गणपती, दुसऱ्या दिवशी दसऱ्याला चौकट. सगळी गल्ली बोलावली होती. मी फळीवरची सतरंजी काढली, फळी टेबलावर चढवून चारी बाजूंनी आवळली. मामा पोर्चमध्ये आले, फळीची रिकामी जागा त्यांनी पाहिली, इकडंतिकडं बघितलं, आणि बादली पालथी घातली.

पूजा थाटात झाली. विळा, पक्कड, स्कूटर, विश्वजीतचा टेस्टर, सत्यमचा लॅपटॉप, सगळे ओळीनं बसले. मामींनी, मंजुळाबाईंनी, हळदीकुंकवाचं ताट हातात घेऊन यंत्राभोवती मनापासून फेरी मारली. मोटरींना लावलं, पेट्यांना लावलं, कॉम्प्युटरच्या कपाळाला लावलं. सांडूअण्णांनी नारळ फोडला. मी बटण दाबलं. पातं खाली आलं आणि सागाचा वास सुटला. बोटभर लांबीची एक नाजूक वळणदार रेघ फळीवर उमटली आणि यंत्र थांबलं.

"मिक्सर?" मी आतल्या दिशेनं ओरडलो.

शालू माझ्या शेजारीच उभी होती. मिक्सरचीही पूजा झाली होती, तो ओळीत बसला होता.

कॉम्प्युटरवर आलं होतं, की फरक पडला. विश्वजीतनं आकडे वाचले. कॉम्प्युटरच्या मते टेबल बरोबर जागी होतं. मोटरच्या मतेही. एकटी काच म्हणत होती की टेबल तिथं नाहीच. सांडूअण्णांना निवडणुकांचा अनुभव आहे. ते म्हणाले, दोन विरुद्ध एक, काच गिर गई, बंद कर दो उसको. सत्यम म्हणाला, माझं बटण दाबा, टेबल आपोआप जागेवर येईल. विश्वजीत म्हणाला, तार हलली असेल, आजच्या दिवस काच काढून टाकू. मुहूर्त चाललाय, असंही कुणीतरी म्हणालं. गल्लीत ज्यांनी मला खड्ड्यात पडलेलं पाहिलं होतं ते सगळे माझ्याकडे बघत होते. मला काही म्हणजे काही कळत नव्हतं, आणि कळत नाही हे त्या सगळ्यांना दिसू नये एवढंच मला वाटत होतं. माझं बोट सत्यमच्या बटणावर गेलं, कारण ते सगळ्यात जवळ होतं.

"पाव्हणं."

मामा बादलीवरून बोलले होते. माझ्या घरात चारचौघांत त्यांना इतक्या मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"ते नको म्हणतंय ना? मग त्याला इचारा तरी, का नको."

मी बोट काढलं. दुसरं काही सुचेना म्हणून गुडघ्यावर बसलो आणि टेबलाच्या खाली डोकं घालून काचेकडे पाहिलं. काचेवर हळदीची आणि कुंकवाची ओली बोटं उमटली होती, एका ओळीत, नीट, आणि त्यांवर झेंडूची एक पाकळी चिकटली होती. त्यातून डोळ्याला रेघा कशा दिसणार? मी वाकूनच विचारलं, हे कुणी लावलं.

"म्या," मामी म्हणाल्या. "समद्या मशिनीत तीच जागा लई सोज्वळ दिसली. देव तिथंच असंल म्हनलं."

विश्वजीतनं कपाळावर हात मारला आणि मग तोच सांगू लागला, की सत्यमचं बटण दाबलं असतं तर टेबल त्या कुंकवाचं ऐकून पळत सुटलं असतं आणि पात्यानं फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत नांगरली असती. सत्यम लॅपटॉपची पूजा नीट झाली का ते बघायला लागला. सगळे म्हणाले, पुसा काच, करा सुरू, अजून वेळ आहे. शालूनं ओलं फडकं माझ्या हातात दिलंसुद्धा.

फडकं हातात घेऊन मी फळीकडे पाहिलं, मग मामांकडे. ते फळीकडे बघत होते. त्या फळीचा विचार आम्ही उन्हाळ्यापासून करत होतो. मोटरीला विचारलं होतं, पेटीला विचारलं होतं, काचेला विचारलं होतं. मला एकदम लाज वाटली.

"मामा," मी म्हणालो, "ही फळी तुम्ही आणली तेव्हा तिचं काय करायचं होतं तुमच्या मनात?"

"आता काय. तुमी ठरवलंय ते बेस हाय."

"तसं नको. खरं सांगा."

मामांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "लेकीच्या दारात बसाया एक बाकडं व्हईल म्हनलं. आलं की टेकायला. त्या सोफ्यात जीव घाबरतो."

शालूचे डोळे भरून आले आणि आवाज मात्र चढला. "आबा, मग सांगायचं ना."

"कुणी इचारलंच नाय, बाई. आन मी बसून दावीत व्हतो तर पाव्हणं उठवीत व्हते."

मी फळीचे चारी स्क्रू सोडले. विश्वजीतनं न सांगता दुसरं टोक धरलं. मजल्याच्या बांधकामातून उरलेल्या विटा दाराशी दोन्हीकडे रचल्या आणि फळी त्यांच्यावर ठेवली. मामा बादलीवरून उठले, फळीवर हात फिरवला आणि बसले. मी त्यांना उठवत नाही याची खात्री होईपर्यंत ते जरा अवघडूनच बसले होते. मग त्यांनी पाठ भिंतीला टेकली. सांडूअण्णा म्हणाले, दारासमोर कायमचं बाकडं असेल तर तेवढी समितीची परवानगी घेऊन ठेवा.

दसऱ्याला चौकट बसली. गणपतीशिवाय चौकट बसवायला शालूचं मन होईना, म्हणून माळ्यावरचा प्लायवूडचा गणपती उतरवून वर लावला. त्याची सोंड डावी की उजवी, याचा निकाल अजून लागलेला नाही. एका बाजूच्या लोकांना एक दिसते, दुसऱ्या बाजूच्यांना दुसरी, आणि शालू खबरदारी म्हणून दोन्हीचे नियम पाळते. यंत्र पोर्चमध्ये आहे. कॉम्प्युटर लावला की तो टेबल कुठं आहे ते अजूनही तीन दशांशांपर्यंत सांगतो, पण मी आता तो आकडा कुणाला दाखवत नाही.

मामा पूर्वीपेक्षा जास्त येतात. आले की आत येत नाहीत, थेट बाकड्यावर. फळीवर ती बोटभर रेघ आहे, गणपतीच्या कानाची सुरुवात, तेवढीच. मामांचा अंगठा बोलता बोलता तिच्यावरून फिरत असतो. मागच्या खेपेला मी चहा घेऊन गेलो तेव्हा त्यांनी अंगठा तिथंच ठेवून विचारलं, "पाव्हणं, हे कुठं निघालं व्हतं वं?"

"ते मलाही अजून कळलं नाही, मामा," मी म्हणालो.

मामा जरा सरकले आणि शेजारी जागा केली.

"बसा मग," ते म्हणाले.